आबांचा पितळी पंप

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. पोटात चौदा लिटर मावतात. मागे दोन पट्टे, बाजूला एक दांडा, पुढे हातभर लांब नळी आणि नळीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. मित्रांनो, जुन्या छत्र्या, जुनी झाडं आणि फाटकी पुस्तकं तुम्हाला आपापली कहाणी सांगतात, हे मी ऐकून आहे. त्या सज्जनांनी जगाला सावली दिली, ज्ञान दिलं. मी काय दिलं ते लपवत नाही. मी मारलं. चाळीस वर्षं, एक दिवसही आजारी न पडता, समोर येईल ते मारलं. ऐकताना कुणाला मळमळलं तर त्याने खुशाल उठून जावं. मला राग येणार नाही.

माझा जन्म एका लांबट, पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथे प्रत्येक नव्या पंपात हवा कोंबून तो फुटतो का ते पाहत. माझ्या आधीचा पंप फुटला. त्याच्या पत्र्याच्या चिपेने चाचणी घेणाऱ्या कामगाराचा अर्धा कान नेला. कामगार मटकन खाली बसला, कानाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "पुढचा आणा, आता बसलोच आहे." पुढचा मी होतो. मी फुटलो नाही. माझ्या गळ्यात 'उत्तीर्ण' असा पत्र्याचा बिल्ला अडकवला गेला. आयुष्यात मी दिलेली ती एकुलती एक परीक्षा.

मला आबांनी घेतलं. त्यांची टोमॅटोची शेती होती. दुकानातून घरापर्यंत ते मला पाठीवर घेऊन चालत आले, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून मला वाजवून दाखवत होते. माझ्या पोटात जे भरायचे त्याला सगळे औषध म्हणत. डब्यावर कवटी छापलेली होती, पण दुकानदार सांगायचा, "कवटी अळीची आहे, तुम्ही घाबरू नका." कवटी माणसाची आहे हे मला, म्हणजे एका पत्र्याच्या डब्याला, कळत होतं.

पहिल्याच फवारणीत मी काय केलं ते सांगतो. पानामागे मावा दाटीवाटीने बसला होता. तुषार पडताच तो काळा पडून भुग्यासारखा झडला. फळ पोखरणाऱ्या अळ्या आधी गोल वळल्या, मग स्वतःच्याच अंगाला चावल्या, मग हिरवं ओकून ताठ झाल्या. मावा खाऊन आमचंच काम करणारे ठिपकेवाले किडे होते, तेही गेले. फुलांवर मधमाश्या होत्या. त्या सरीत पाठीवर पडून, भिंगरीसारख्या फिरत फिरत मेल्या. आबांनी एक मधमाशी चिमटीत उचलून पाहिली आणि म्हणाले, "लढाईत होतं असं." दुसऱ्या दिवशी त्या अळ्या टिपायला पाखरं आली. तिसऱ्या दिवशी पाखरं वेचून बांधाबाहेर टाकावी लागली.

शेजारी म्हणाले, "आबा, पंप आहे की तोफ?" मला फार बरं वाटलं. मित्रांनो, कौतुक कशाबद्दल चाललंय याची चौकशी त्या वयात कोण करतो?

आबांची एक पक्की पद्धत होती. फवारणी सकाळी करायची असेल तर औषध आदल्या संध्याकाळीच माझ्या पोटात भरायचं. "रात्रभर मुरलं पाहिजे. न मुरलेलं औषध म्हणजे नुसतं वासाचं पाणी," असं ते सांगत. का मुरायचं, काय मुरायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी हे पाहतच वाढली. त्या घरात शेतावर मारायचं काहीही असो, ते माझ्या पोटात एक रात्र झोपूनच बाहेर पडायचं.

वर्षं गेली तशा अळ्या निगरगट्ट झाल्या. पूर्वी ज्या डोसात आया मेल्या, त्यात लेकी आंघोळ करू लागल्या. थोरल्याने यावर उपाय काढला. डब्यावर एक झाकण लिहिलं असेल तर त्याने दोन टाकायची. पुढे पुढे तो चहात साखरही तशीच टाकू लागला आणि सगळे त्याला डबल म्हणू लागले. अळ्या दोन वर्षं मेल्या. मग त्यांनाही डबल अंगवळणी पडलं.

आता आबांचं सांगतो. तिथे माझा हात आहे.

माझ्या तळाचा वायसर झिजला होता. पोटातलं थेंब थेंब पट्ट्यावर, पट्ट्यावरून आबांच्या सदऱ्यात आणि सदऱ्यातून पाठीत झिरपत होतं. दुपारच्या उन्हात त्यांना ते घामासारखंच वाटलं. चौथ्या सरीत त्यांच्या तोंडातून लाळ गळायला लागली. डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या. ते गुडघ्यावर आले, मग तोंडावर पडले, आणि पाठीवर मी. हातपाय झाडत ते माती उकरत होते आणि मी त्यांना खाली दाबून धरलं होतं, कारण पट्टे मला सोडता येत नाहीत. तोंडातून फेस आला. अळ्यांचं जसं होतं तसंच, त्याच क्रमाने होत गेलं. फक्त अळीला एवढा वेळ लागत नाही.

लोक म्हणाले, ऊन बाधलं. दुकानदारही तेच म्हणाला, आणि जरा घाईघाईने म्हणाला.

दहा दिवसांनी डबलने माझा वायसर बदलला आणि मला पाठीवर घेतलं. पुढची दोन वर्षं तो मारत राहिला. हळूहळू त्याचे हात थरथरू लागले. सदऱ्याची बटणं वहिनी लावून द्यायच्या. वहिनी म्हणजे त्याची बायको. धाकटी त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. पाण्याचा पेला तोंडाला लावताना त्याच्या दातांवर वाजायचा. "थंडी आहे," तो म्हणायचा. उन्हाळ्यातही म्हणायचा.

हे ऐकून धाकटी नोकरी सोडून घरी आली. ती कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात होती. पावडरीत डाग खाणारी जी विकरं घालतात, एन्झाइम म्हणतात ती, तिच्या खात्यात तयार होत. आल्या दिवशी तिने भावाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. ते तिच्या हातांतही नाचत राहिले.

"दादा, ही थंडी नाही," ती म्हणाली. "आपल्या अंगात एक विकर असतं. नसेला 'हल' सांगून झालं, की 'आता थांब' हे ते सांगतं. तुझ्या डब्यातलं विष नेमकं त्याच विकराला मारतं. आबांच्या अंगातलं एका दुपारी मेलं. तुझं रोज थोडं थोडं मरतंय. आणखी एक जोराची फवारणी झाली तर तूही त्यांच्यासारखाच सरीत पडशील."

"मग काय करू? अळीला हात जोडू?"

"अळीला विकरानेच मारू. मी बनवते."

डबल मोठ्याने हसला. "ऐकलंस का गं? ही आता अळीचे कपडे धुणार!"

"कपडे नाही," धाकटी म्हणाली. "कातडी."

वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "म्हणजे कसं?"

"अळीचं अंग आणि आतडं ज्या चिवट पदार्थाने मढवलेलं असतं, तोच खेकड्याच्या कवचात असतो. मातीतले काही जंतू कवच खातात. ते खाताना विकर सोडतात. ते गाळून घ्यायचं आणि फवारायचं. अळीला वाटतं आपण पान खातोय, आणि आतून आपलंच आतडं फाटत असतं."

"बाई गं," वहिनी म्हणाल्या. "तू लहानपणी किती गरीब होतीस."

सौदा ठरला. चार सऱ्या धाकटीच्या आणि फवारण्या तीन. अळी मेली तर डबल विषाचे डबे दुकानात परत करणार. नाही मेली तर तो सगळ्या शेतात डबल डोस मारणार आणि धाकटी मध्ये येणार नाही. चार सऱ्यांवर एका माणसाचा जीव लागला होता, आणि हे त्या माणसाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

गोठ्यामागे प्लॅस्टिकचा निळा पिंप आला. त्यात खेकड्याच्या कवचांची पूड, गूळ, पाणी आणि धाकटीने बाटलीतून आणलेले जंतू पडले. आठवड्याने असा वास सुटला, की म्हशीने पाठ फिरवली. आंबट, कुजकट रस तयार झाला.

आता तो मारायचा कशाने? घरात प्लॅस्टिकचा एक नवा पंप होता, पण त्याच्या अंगात विष भिनलेलं होतं. धाकटी मला घेऊन बसली. "आबांचा आहे. आबांना ज्याने मारलं त्यानेच दादाला वाचवू दे," असं काहीतरी ती वहिनींना म्हणाली आणि डोळे पुसून कामाला लागली. सोडा, चिंध्या, तारेची घासणी. तिने मला आतून तीन वेळा खरवडलं. चाळीस वर्षांच्या विषाचा थर माझ्या पोटाला साल होऊन बसला होता, तो सगळा निघाला. मी आतून नव्यासारखा झळकलो. माझं पितळ उघडं पडलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. आयुष्यात प्रथमच मी कुणाला वाचवायला निघालो होतो.

रस गाळून तिने माझ्यात भरला. फवारणी दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर व्हायची होती. तरी तिने तो आदल्या संध्याकाळीच भरला, कारण रात्रभर मुरलं पाहिजे. ती विज्ञान शिकली होती, पण ही सवय त्याच्या आधीची होती.

एक फवारणी झाली. चार दिवस गेले. अळ्या मजेत होत्या. दुसरी फवारणी झाली. अळ्या लठ्ठ झाल्या. तिसऱ्या फवारणीनंतर एक अळी नळीच्या तोंडाशीच येऊन बसली. चार सऱ्यांतली फळं भोकांनी चाळण झाली. आतून काळं पाणी गळत होतं, सडून गळालेली फळं पायाखाली फुटत होती.

डबल रोज सकाळी यायचा, एक टोमॅटो तोडायचा, त्यातली अळी बोटावर घ्यायचा आणि बहिणीला दाखवायचा. "बघ, कशी स्वच्छ दिसते. पावडर चांगली आहे तुझी."

धाकटी रोज पानं उलटून एखादी तरी मेलेली अळी शोधायची. ती जेवतही नव्हती.

तेराव्या दिवशी सकाळी डबलने विषाचा डबा काढला. झाकणाने मोजायचं त्याने सोडलं आणि डबा सरळ माझ्या पोटात उलटा केला. वर पाणी ओतलं. थरथरत्या हातांनी त्याने माझं झाकण लावलं. ते अर्धंच फिरलं. मला ते जाणवलं, पण मला बोलता येत नाही. त्याने पट्टे खांद्यावर चढवले.

धाकटी धावत आली आणि तिने मागून पट्टा धरला.

"दादा, ठेव खाली!"

"सौदा झालाय. मध्ये यायचं नाही."

"खड्ड्यात गेला सौदा! मरशील तू!"

"शेत मेलंय, ते दिसत नाही का तुला? सोड!" त्याने कोपर मागे मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला आणि रक्त हनुवटीवर आलं. ती मागे हटली नाही. तिने माझी नळी उपटून हातात घेतली आणि सख्ख्या भावाच्या कपाळात घातली. पितळी नळीचा आवाज खणखणीत आला. त्याची भुवई उकलली, डोळ्यात रक्त उतरलं. तो आंधळ्यासारखा वळला, त्याने तिचे केस धरले, तिने त्याच्या मनगटाला दात लावले. एकाच ताटात जेवून वाढलेली दोन माणसं, आणि एकमेकांना मारण्याची एकही खुबी त्यांना शिकवावी लागली नाही.

तेवढ्यात नळाकडून वहिनी ओरडत आल्या. त्यांच्या हातात टोमॅटोची एक फांदी होती. "अहो, थांबा! धाकटे, हे बघ! मेल्यात गं, मेल्यात!"

कोण ऐकतो? दोघं मिळून कोसळले. मी डबलच्या पाठीखाली आलो. माझं अर्धवट झाकण उडालं. चौदा लिटर विष, डबल नव्हे, दसपट, त्याच्या मानेवर, छातीवर आणि उघड्या जखमेत उसळलं.

 मग वहिनींनी हातातली फांदी टाकली. "धर त्याला!" त्या गरजल्या. नवऱ्याला 'त्याला' म्हणण्याची त्यांची ती पहिली वेळ. दोघींनी त्याला पायांना धरून नळापर्यंत फरफटत नेलं. कपडे फाडून काढले. साबणाने घासलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या. तो ओकला. त्याच्या बाहुल्या बारीक होत चालल्या होत्या. धाकटी रक्ताळलेल्या तोंडाने एकच बोलत होती, "श्वास घे. घे. आणखी एक. घे."

शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं. मी सरीत आडवा पडून होतो. उरलेलं विष माझ्यातून गळत होतं आणि त्याच्या कडेने मुंग्या ओळीने मरत होत्या.

पुढचं मला वहिनींच्या बोलण्यातून कळलं. तीन दिवस डॉक्टर सुयांवर सुया टोचत होते. तिसऱ्या दिवशी डबलने डोळे उघडले आणि कपाळाच्या टाक्यांना हात लावून बहिणीला म्हणाला, "नळी वाकली का गं?" डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "ते विकर पाव हिश्श्यावर आलंय. भरून यायला चार महिने लागतील. तोवर ह्याला विषाचा वाससुद्धा लागला, तर इथे आणायची तसदी घेऊ नका."

चौथ्या दिवशी दोघी शेतात आल्या. वहिनींनी धाकटीला नळाजवळची सहा झाडं दाखवली. प्रत्येक फवारणीच्या वेळी पिंपाच्या तळाशी उरलेला रस फेकायचा कशाला, म्हणून त्या तो मगाने त्या सहा झाडांवर शिंपडत असत. त्या झाडांवर एकही जिवंत अळी नव्हती.

"रस तोच," वहिनी म्हणाल्या. "फक्त मी प्लॅस्टिकच्या मगाने शिंपडला, तू ह्याच्यातून."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन माझ्या पोटात डोकावली. गाळणीच्या कडेला रसाचा थर वाळून बसला होता. तो मोरपंखी हिरवा होता.

ती मातीतच बसली. "तांबं," ती म्हणाली. "पितळेत तांबं असतं, वहिनी. आंबट रस रात्रभर ह्याच्यात राहिला, तांबं सुटलं, आणि तांब्याने विकर मारलं. कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, तांब्यापितळेचं भांडं आत आणायचं नाही. आणि मी बसले घासत. विषाचा थर होता तोवर निदान ते झाकलेलं तरी होतं."

"मग मुरवायला कशाला ठेवायचीस?"

धाकटीने तो हिरवा थर नखाने खरवडला. "आबा ठेवायचे," ती म्हणाली.

मित्रांनो, मी मारण्यासाठीच बनलो होतो. माझ्यात विष भरलं तेव्हा मी मारलं, आणि जीव वाचवणारं भरलं तेव्हा मी त्यालाही मारलं. एवढी निष्ठा तुम्हाला इतर कोणत्या भांड्यात आढळणार नाही.

शेजाऱ्याकडून प्लॅस्टिकचा कोरा पंप आला. ताजा रस गाळला आणि मुरू न देता त्याच संध्याकाळी मारला. पुढे चार दिवस जे झालं ते मी बांधावरून पाहिलं. मी खूप मरणं पाहिली आहेत, पण ही निराळी होती. पहिल्या दिवशी अळ्या खात होत्या. दुसऱ्या दिवशी खायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना कात टाकायची होती. जुनी कातडी डोक्यापर्यंत सरकली आणि तिथेच चिकटून बसली. त्या आपल्याच कातडीत गुदमरत, आपटत राहिल्या. चौथ्या दिवशी त्या मऊ पडून गळाल्या आणि देठाला काळ्या चिंध्यांसारख्या लोंबल्या. नैसर्गिक म्हणजे प्रेमळ, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर माझ्याकडे पाठवा. पण त्याच फांदीवर ठिपकेवाले किडे फिरत होते. मधमाशी आली, फुलात बसली आणि उडून गेली. चाळीस वर्षांत आमच्या सरीतून मधमाशी उडून जाताना मी प्रथम पाहिली.

डबल घरी आला तो काठी टेकत. त्याने चारही सऱ्या पाहिल्या, एक काळी चिंधी बोटावर घेतली आणि विचारलं, "आता डबल टाकला तर?"

"काही फरक पडणार नाही," धाकटी म्हणाली. "विकर कापून झालं की संपत नाही. पुढचं कापायला जातं."

"म्हणजे एकच टाकायचं?" तो खिन्न झाला. "आणि मला काय म्हणतील मग?"

विषाचे डबे दुकानात परत गेले. मग तो माझ्याकडे आला. हातात हातोडा आणि छिन्नी होती. त्याने मला बांधावर आडवं ठेवलं. पहिला घाव माझ्यावर बसला नाही, त्याच्या अंगठ्यावर बसला. नख काळं झालं. दुसरा घसरला. मग वहिनी पुढे येऊन बसल्या, त्यांनी छिन्नी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाल्या, "मारा. माझ्या हातावर बसला तरी चालेल." त्याने श्वास रोखून हातोडा हाणला. पितळ किंचाळलं. मग आणखी दोन. माझ्या तळाला तीन भोकं पडली, अंगठा जाईल एवढाली. त्याने नळाचं पाणी माझ्यात ओतून पाहिलं. ते सरळ मातीत गेलं. तेव्हा कुठे तो रडला.

गेल्या आठवड्यात शेजारी आला होता. त्याच्या वांग्यांवर अळी पडली आहे. मला बोटाने वाजवून तो म्हणाला, "दणकट आहे अजून. भोकं झाळून घेतो. नाहीतरी पडूनच आहे तुमच्याकडे."

"नाही," डबल म्हणाला.

"अरे, एका दिवसाचं काम आहे. तुझ्याही उरलेल्या शेतात मारून देतो, फुकट."

डबल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात पाठीमागे बांधले होते. ते अजून थोडे थरथरतात, आणि ते शेजाऱ्याला दिसू द्यायचे नव्हते. "रस ने आणि प्लॅस्टिकचा पंप ने," तो म्हणाला. "हा नाही."

शेजारी रस घेऊन गेला, पण जाताना दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहत होता. तो परत विचारणार. डॉक्टरांनी सांगितलेल्या चार महिन्यांतले दोन झाले आहेत, दोन बाकी आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना पुसा, जपा, हे तुम्हाला सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. माझी विनंती तेवढी उलटी आहे. हात जोडायला मला हात नाहीत, ते जोडलेले आहेत असं समजा. कृपा करून मला कुणी दुरुस्त करू नका.